सेल्फ तर मारतेय

आमच्या अण्णांच्या फियाटचा आवाज गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. चालू झालेल्या गाडीचा नव्हे, तो फारसा कुणी ऐकलेला नाही. चालू न होणाऱ्या गाडीचा. कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र, मग दम खायला थोडी विश्रांती, मग पुन्हा कुर्र-कुर्र. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातली पोरं हातातलं काम न थांबवता सांगतात, "अण्णा निघाले." निघाले म्हणजे कुठे गेले असं नाही. किल्ली फिरवायला बसले, एवढाच पेणच्या आमच्या गल्लीत त्याचा अर्थ.

बॅटरी मेलेल्या गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. किल्ली फिरवली की ती 'टक्' म्हणते आणि विषय संपतो. माणूस मुकाट्यानं रिक्षा बघायला लागतो. पण सेल्फ मारणारी आणि तरीही न पकडणारी गाडी ही निराळीच जात आहे. ती नाही म्हणत नाही. 'होईल, बघू' म्हणते. प्रत्येक वेळी वाटतं, आता पकडलं, हे बघा, आत्ता एक ठोका पडला, अजून एकदाच मारू. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा तुकडा २०११ सालापासून चौपदरी होताना ज्यांनी पाहिला, त्यांना ही जात समजावून सांगावी लागत नाही. मशिनं घरघरतात, धूळ उडते, फलक लागतात. रस्त्याचा नंबर १७ चा ६६ सुद्धा झाला. सेल्फ मारतेय, पकडत नाही.

तर ही गाडी. आम्ही फियाट म्हणतो, कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची इटलीची ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात आल्यावर ती आधी डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. सासरी इतक्या वेळा नाव बदललं, तरी लोक शेवटपर्यंत माहेरच्या नावानं हाक मारत राहिले. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. अण्णांनी १९९१ साली घेतली. नंबर एमएच ०६, म्हणजे रायगडचा, आणि त्याचं आरटीओ आमच्या पेणलाच. १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली, तेव्हा मी धीर करून म्हटलं होतं, "अण्णा, आता विकून टाकू या का?"

"मी ब्याऐंशी वर्षांचा आहे," अण्णा म्हणाले. "मला विकलंस का?"

यावर गिऱ्हाईक मिळालं नाही असं उत्तर माझ्या ओठावर आलं होतं, पण आई समोर होती.

मे महिन्यातली गोष्ट. रोह्याला माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. पेण ते रोहा वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असं चाळीसेक किलोमीटरचं अंतर. एसटी आहे. रेल्वे आहे, कोकण रेल्वे तर रोह्यापासूनच सुरू होते. पण अण्णांचं आधीपासून ठरलेलं, लग्नाला फियाटनं जायचं. कारण १९९१ साली ह्याच मावसबहिणीची वरात ह्याच गाडीतून निघाली होती. आईनं त्यावर हळूच सांगितलं की, ती वरात अर्ध्या वाटेपर्यंतच गाडीतून गेली होती. अण्णांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि आई नेहमी डावीकडे बसते.

सव्वाआठला निघायचं ठरलं. आठ वाजता अण्णा कोट चढवून, छत्री घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी चोक ओढला, किल्ली फिरवली.

कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र.

पहिल्या पाच मिनिटांत माणसं जमली. पेणमध्ये दोन गोष्टी सगळ्यांना कळतात, पोह्याचा पापड नीट वाळला की नाही, आणि दुसऱ्याची गाडी का चालू होत नाही. पापडाच्या बाबतीत मतभेद कमी.

सगळ्यात आधी डेपोकाका आले. हे रामवाडीला एसटीत होते. आयुष्य डिझेलच्या वासात गेलं. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घालायच्या आधीच निदान केलं, "एअर धरलीय. पाइपाचा नट सैल कर, हवा जाऊ दे, बुडबुडे थांबले की आवळ."

"काका, ही पेट्रोलची गाडी आहे."

"मग? पेट्रोलच्या गाडीत हवा शिरत नाही?"

ह्याला उत्तर नव्हतं. डिझेलच्या इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं. त्यामुळे डेपोकाकांना वायरीबियरींची सगळी भानगडच मुळात चैनीची वाटते. एवढ्या वायरी कशाला लागतात म्हणून ते बराच वेळ तुच्छतेनं इंजिनाकडे बघत राहिले.

मग एक मिनिडोर थांबली. आत बसलेल्या आठ-नऊ उतारूंसकट. चालकानं खाली उडी मारली आणि म्हणाला, "धक्का मारू या. चला रे." उतारूही उतरले. माझं म्हणणं होतं की, धक्का हा सेल्फच्या ऐवजी मारायचा असतो. सेल्फ इंजिन फिरवतो, धक्काही तेवढंच करतो, आणि इंजिन तर मजेत फिरतंय. जेवण खाली जात नाही म्हणून माणसाला ताट बदलून देण्यातला हा प्रकार. पण जमलेल्या माणसांना धक्का मारायचाच असतो. त्यात एक सामूहिक आनंद आहे, दहीहंडीसारखा. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली, चालू झाली नाही, मग कोपऱ्यापासून परत जागेवर ढकलून आणली. मिनिडोरचे उतारू घाम पुसत समाधानानं पुढे गेले. अण्णांनी जाताना आणि येताना दोन्ही वेळा खिडकीतून हात केला.

पुढे पेणजवळच्या दादर गावाकडून मासळी घेऊन आलेला एक जण सायकल टेकवून बघत उभा राहिला. त्यानं एकच विचारलं, "गारीत पेट्रोल हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. नंतर घरात जाऊन उदबत्तीची लांब काडी आणली आणि कुणाचं लक्ष नाही बघून टाकीत घालून पाहिली, कारण आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच आहे. पेट्रोल होतं. पण त्या दिवसभरात कुणी शहाणा प्रश्न विचारला असेल तर तो ह्या माणसानं. जुनी गाडी घुमतेय आणि पकडत नाहीये म्हणजे तीनपैकी एक काहीतरी कमी आहे: हवेत मिसळलेलं पेट्रोल, सिलिंडरमधला दाब, नाही तर नेमक्या क्षणाची ठिणगी. चौथं कारण नाही. चौथं जे काही असतं ते बॉनेटभोवती उभं असतं.

बँकेतून निवृत्त झालेले शेजारी आता इथेनॉलवर बोलू लागले. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पेणच्या हवेत काय पाण्याला तोटा? पंपातली रबरं जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं केलेली, ती असल्या पेट्रोलमध्ये खराब होतात. तळाचा गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. हे सगळं खरं होतं. फक्त त्या दिवशी ते झालेलं नव्हतं. पण मुद्दा इतका व्यवस्थित मांडला गेला की, मी तासभर कार्बोरेटर खोलून जेटमध्ये फुंकर मारत बसलो. तोंडात पेट्रोलची चव घेऊन मी वर बघितलं तेव्हा साडेनऊ झाले होते.

आमच्या समोरच्या कारखान्यात उन्हाळ्यात गणपती ओट्यावर येतात. पांढरे, अंगावर रंग नाही, डोळ्यांची आखणी व्हायची बाकी. असे चाळीसेक गणपती ओळीनं मांडलेले होते आणि आमच्याकडे तोंड करून बसले होते. जमलेल्या प्रेक्षकांत सल्ला न देणारे तेवढेच.

मग माझा भाचा आला. तो धाटावच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. केमिकल. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं आधीच ठरवलं होतं की, भानगड डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. ह्या डिस्ट्रिब्युटरला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात. भाच्यानं दोन क्लिपा काढून डेल्कोचं टोपण उचललं, आतले पॉइंट पॉलिशपेपरनं घासले, एक स्क्रू फिरवून काहीतरी मागेपुढे केलं, फुंकर मारली, टोपण लावलं आणि म्हणाला, "मामा, आत सगळं ओके आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यातला प्रत्येक शब्द आम्हाला पुढे महागात पडला.

कुर्र-कुर्र-कुर्र. आता सेल्फचा सूरही खाली यायला लागला होता. बॉनेटमधून पेट्रोलचा वास सुटला. पेट्रोल आत जातंय आणि पेटत नाहीये, म्हणजे प्लग न्हाऊन निघाले असणार. अण्णा शांत. मधूनमधून घड्याळ बघत होते, पण चेहऱ्यावर काही नाही.

पावणेदहाला टॅक्सीवाले आबा दुधाची पिशवी घेऊन चालले होते. ह्यांनी मुंबईत आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून गेली, तेव्हा आबांनी दिवसभर टीव्ही लावला नव्हता. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि कुणालाही काही न विचारता कॉइलमधून येणारी मधली वायर डेल्कोतून उपसली.

"हे धर इंजिनाजवळ," भाच्याला म्हणाले. "पकडीत."

भाच्यानं पक्कड घेतली नाही, हातानंच धरली. मी सेल्फ मारला. करंट आहे हे त्याच्या ओरडण्यावरून निर्विवाद सिद्ध झालं.

"कॉइल चांगली," आबा म्हणाले. मग त्यांनी प्लगची एक वायर काढून पाहिली. तिथं काही नाही. "इथपर्यंत येतंय, तिथं जात नाय. म्हणजे मधे." त्यांनी टोपण उचललं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं.

"रोटर कुठाय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तो सगळा करंट मधल्या वायरीनं डेल्कोत येतो. तिथून चार प्लगना आळीपाळीनं तो वाढायचं काम अंगठ्याएवढ्या रोटरचं. पंगतीत चार पानं मांडलेली आहेत, आधी पहिलं, मग तिसरं, मग चौथं, मग दुसरं, हा वाढायचा क्रम. रोटर म्हणजे वाढपी. स्वयंपाक तयार, पानं मांडलेली, मंडळी बसलेली, आणि वाढपीच नाही. आम्ही दोन तास पानं पुसत होतो. आणि भाच्यानं आत डोकावून 'सगळं ओके' म्हटलं ते खोटं नव्हतं. जे होतं ते ओकेच होतं. काय नाही, हे दिसायला आधी ते कधीतरी पाहिलेलं असावं लागतं.

"रोटर?" पुढच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला. "तो मी काढलाय ना. नरसोबाच्या वाडीला जाताना."

गल्ली गप्प झाली.

ही अण्णांची जुनी सवय. बाहेरगावी जायचं तर दाराला कुलूप आणि गाडीचा रोटर खिशात. रोटर काढला की चोर कितीही किल्ल्या आणो, गाडी हलायची नाही. पूर्वी बऱ्याच जणांची ही रीत होती. ३४ वर्षांची ही गाडी कोण चोरणार, हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो.

"अण्णा, मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?"

"तुमचं कार्बोरेटरचं चाललं होतं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, तो पण बिघडलाय."

रोटर ठेवला कुठे, हे मात्र त्यांना आठवेना. कोटाचे खिसे झाले, प्रवासाची पिशवी झाली, औषधांचा डबा झाला. आबा घरात येऊन दोन बोटांनी माप दाखवत सांगत होते, "एवढा, काळसर, वर पितळी पट्टी." तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"अगंबाई, ते होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, वाडीहून आणलंय. प्रसादाच्या पिशवीत होतं."

रोटर देव्हाऱ्यात होता. शाळिग्रामाच्या शेजारी, छोट्या ताम्हनात. वर हळदकुंकू, एक जास्वंदीचं फूल. चार दिवस त्याला रोज दूधपाण्याचा अभिषेक झाला होता. आबांनी चपला काढून नमस्कार केला आणि मगच त्याला हात लावला. कुंकू पुसून, वाळवून तो बसवला. पितळी पट्टीच्या कडेला थोडं हळदीचं राहिलंच असेल, त्यानं करंटला काही झालं नाही.

पण प्लग भिजलेले. आबांनी चारही काढले, आईच्या सांडशीत धरून एकेक गॅसवर तापवला. त्याच बर्नरवर दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी चहा उकळत होता. प्लग बसवले. आता पेट्रोल होतं, ठिणगी होती, वाढपी होता. किल्ली फिरवली.

कु...र्र. टक्.

दोन तासांत बॅटरी संपली होती. म्हणजे ज्या घडीला धक्क्याचा खरोखर उपयोग होता, ती घडी आत्ता आली होती. मी आजूबाजूला बघितलं. डेपोकाका आंघोळीला गेले होते. इथेनॉल घरी गेलं होतं. मिनिडोर एव्हाना रोह्याला पोचून परतीची सीट भरत असेल. उरलो आम्ही तिघं, मी, भाचा आणि कारखान्यातला एक पोऱ्या, त्याच्या हाताला ओला शाडू. आबा स्टिअरिंगवर बसले. अण्णा उतरले नाहीत. त्यांचं वजन गाडीला ग्रिप देतं, असं त्यांचं म्हणणं. सेकंड गिअर, क्लच, आणि चाळीस पांढऱ्या गणपतींसमोर गाडी एकदाची खोकली, थरथरली आणि पकडली. गाडीच्या डिकीवर शाडूचे पाच बोटांचे ठसे आजही आहेत. आम्ही पुसले नाहीत.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा फारसा नाही. वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे वळणारी गर्दी होती. नागोठणे येईपर्यंत उन्हं डोक्यावर आली. तिथून भिसे खिंडीचा चढ. चढाच्या ऐन मध्यावर गाडी दोन आचके देऊन थांबली आणि पुन्हा तोच सूर लागला, कुर्र-कुर्र-कुर्र.

आई म्हणाली, "धावीर महाराजा, धाव रे." धावीर हे रोह्याचं ग्रामदैवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. तेव्हा हद्दीत आलेल्या गाडीची जबाबदारी त्यांच्यावर टाकायला हरकत नव्हती.

ह्या वेळी मात्र अण्णांनी सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं. सकाळचा शहाणपणा त्यांनाही आला होता. "ओला फडका," ते म्हणाले. "एसी पंपावर." एसी म्हणजे गार हवेचा नव्हे. इंजिनाला चिकटून बसलेल्या पेट्रोलच्या पंपाला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात. तो इंजिनाच्या उष्णतेनं चांगलाच तापतो, त्यामुळे नाव कुणी ठेवलं असेल त्याला विनोदाची जाण असावी. मे महिन्यात चढावर इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल तिथंच उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढायला केलेला, वाफ त्याला ओढता येत नाही. ह्याला एकच औषध, पंप गार करायचा आणि गप्प बसायचं. यातला दुसरा भाग कठीण.

फडका नव्हता. भाच्यानं आहेराच्या पिशवीतला टॉवेल काढला. तो यजमानांना द्यायचा होता. पाण्याची बाटली ओतून पंपावर ठेवला, त्यातून वाफ निघाली. खिंडीत रस्त्याकडेला एक म्हातारी करवंदं घेऊन बसली होती. आम्ही पळसाच्या पानाचे चार द्रोण घेतले. करवंदं खायला वीस मिनिटं लागतात आणि पंप गार व्हायलाही वीस मिनिटं लागतात, हे निसर्गानं बरोबर जमवलंय. वीस मिनिटांनी गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. म्हातारी म्हणाली, "फियाटवाले हितंच थांबतात."

रोह्याला पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपून फोटो चालले होते. नवऱ्या मुलाच्या आईनं गाडी बघितली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वरातीच्या आठवणीनं की त्या अर्ध्या वाटेच्या आठवणीनं, ते मी विचारलं नाही. अक्षता चुकल्या, पंगत सापडली. टॉवेल वाळत घालावा लागला.

तीन वाजता निघायला म्हणून बसलो. उन्हात नव्हती, झाडाखाली सावलीत होती गाडी. पंप गार होता, मी हात लावून पाहिला. किल्ली फिरवली. कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र.

मी भाच्याकडे बघितलं. भाचा दुसरीकडे बघत होता.

रोह्यात मेकॅनिक शोधायला जावं लागलं नाही. तो मुलाकडच्या पंगतीत वाढत होता. ज्या माणसाला आम्ही मघाशी दोनदा जिलबी मागितली होती, तोच. हात धुऊन, तोंडात विडा ठेवून तो आला. त्यानं बॉनेट उघडलं नाही. आधी मला सेल्फ मारायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "पॉइंटला आज कुणी हात लावला?"

पॉइंट म्हणजे डेल्कोच्या आत चिकटणारे आणि सुटणारे दोन छोटे टोक. ते सुटतात त्याच क्षणी कॉइलमधून ठिणगी निघते. सुटले की त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट हवी. तीच फट मिटली तर ठिणगी नाही. सकाळी भाच्यानं स्क्रू सैल करून पुन्हा पुरता आवळलाच नव्हता. पेणपासून रोह्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्गानं आणि खिंडीतल्या खड्ड्यांनी तो हलवत हलवत आणला, आणि मांडवासमोर फट मिटली. म्हणजे पेणच्या दुरुस्तीनं रोह्यातला बिघाड केला होता. डॉक्टरी धंद्यात ह्याला काहीतरी मोठं नाव असेल.

"फिलर गेज गॅरेजमध्ये आहे," मेकॅनिक म्हणाला आणि इकडेतिकडे बघितलं. "पत्रिका आहे का कुणाकडे?"

आम्हाला वाटलं, मुहूर्त बघतोय. अण्णांनी कोटाच्या खिशातून लग्नपत्रिका काढून दिली. जाड कार्डाची, सोनेरी गणपती छापलेली. मेकॅनिकनं ती बोटांत धरून तपासली, मान डोलावली, कोपऱ्यातून बोटभर तुकडा फाडला. 'आपली उपस्थिती हाच आहेर' ही ओळ 'आपली उपस्थिती' एवढीच राहिली. तो तुकडा त्यानं पॉइंटच्या मधे सरकवला, पॉइंट त्याच्यावर टेकवले, स्क्रू आवळला, तुकडा ओढून काढला. जाताना किंचित अडकला पाहिजे, आणि अडकता कामा नये, असं काहीसं तो भाच्याला समजावत होता. भाचा ह्या वेळी व्हिडिओ काढत होता.

पहिल्या किल्लीला पकडली. गाडी इतकी शांत चालायला लागली की, अण्णांनी दोनदा विचारलं, "बंद पडली का?"

पैसे विचारले तर म्हणाला, "घरचं लग्न आहे, पैसे कसले?" हे चिंतामणराव देशमुखांचं रोहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अशा गावात हिशेब अर्धवट ठेवून जाणं अण्णांना पटेना. आहेराच्या पाकिटांत एक जास्तीचं होतं. त्यात १०१ रुपये घालून त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं आणि वर 'शुभाशीर्वाद' म्हणाले.

पत्रिकेचा तो तुकडा तेव्हापासून गाडीच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदांबरोबर आहे. तेलाचा डाग पडलाय, गणपतीचा एक कान दिसतो. रोटर आता कुठेही जाताना काढायचा नाही असं ठरलंय. आई अजून दर गुरुवारी बॉनेटला हळदकुंकू लावते.

परवा त्याच घरातल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी वधूवरांची नावं वाचायला हात पुढे केला. अण्णांनी ती आधी दोन बोटांत धरून, डोळ्यांजवळ नेऊन, कडेनं बघितली.

"पातळ आहे," ते म्हणाले. "पॉइंटला चालायची नाही. रेल्वेनं जाऊ."